ऑर्गन बंद असल्याबाबत

जबाब देणार: मोटारवाले (सगळीकडे याच नावाने ओळख), वय एकसष्ट, धंदा पंप व मोटारी दुरुस्तीचा कारखाना, राहणार चर्चमागच्या गल्लीत, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर.

मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन, विचारल्यावरून समक्ष सांगतो की, दुसऱ्याच्या दुकानात तारा गुंडाळण्यापासून सुरुवात करून मी हा कारखाना उभा केला. मोटार उघडण्याआधीच आवाजावरून तिचा दोष सांगतो. मला कमी ऐकू येते असे समोरच्याने लिहून दिले असल्यास ते खोटे आहे.

माझी थोरली बहीण, ताई, आमच्या चर्चमध्ये मोटारीने हवा भरणारा ऑर्गन वाजवत असे. तिने लग्न केले नाही. मंडळीतल्या निम्म्या मुलांना सूर तिनेच शिकवले. समोरचा इसम, ज्यास सगळे ड्रमवाला म्हणतात, त्यांपैकीच एक. तिचा भाऊ म्हणून तो मला मामा म्हणतो.

गेल्या वर्षी उपासनेवरून मंडळीत दोन तट पडले. एकाला जुनी गीते व ऑर्गन हवा, दुसऱ्याला ड्रम, गिटार आणि पडद्यावर शब्द. दुसऱ्या तटाचा पुढारी ड्रमवाला. वाद मिटवायला वरून समिती आली आणि मतदान ठरले. त्याच्या आदल्या आठवड्यात ताई वारली. ऑर्गनवर एक गीत वाजवून मला पोचवा, एवढेच ती सांगून गेली होती.

दफनविधीला ड्रमवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, ऑर्गनची मोटार गेलीय."

मी म्हणालो, "सरक, मी बघतो."

"आता कुठे बघता? लोक खोळंबलेत."

गीत मोबाइलवर लावले. मध्येच साबणाची जाहिरात लागली. मागच्या बाकांवर कोणीतरी हसले.

माती दिल्यावर ताईचे गीतांचे पुस्तक बाकावर राहिले म्हणून मी एकटा परत गेलो. दार आतून बंद होते. आत ऑर्गन चालू होता. मोटार ठणठणीत होती. ताईने शिकवलेलेच गीत होते. तिसऱ्या ओळीत ड्रमवाला लहानपणी घाई करायचा, तशीच तेव्हाही केली. वाजवणे थांबल्यावर नाक ओढल्याचा आवाज आला. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. त्या दिवशी ऑर्गन वाजला असता तर मते फिरली असती, म्हणून तो खोटे बोलला, असे माझे म्हणणे आहे.

पुढे मतदान न होताच समेट झाला. सकाळची उपासना ऑर्गनवर, नंतरची ड्रमवर. सगळ्यांनी हात मिळवले. मी म्हणालो, "ताईच्या वेळी खोटं बोललो, एवढं यानं मंडळीसमोर म्हणावं. बाकी रोज नगारे वाजवा." समितीचे प्रमुख म्हणाले, "मोटारवाले, झालं गेलं गंगेला मिळालं." मी हसलो आणि सगळ्यांना चहा सांगितला.

आमच्या पंथात जुना नियम आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर व द्राक्षरस घेणे. त्याआधी पाळक विचारतात, "कोणाच्या मनात भावाविषयी काही आहे काय?" कोणी उभा राहिला, तर त्या दोघांचे मिटेपर्यंत भाकर मोडायची नाही. आजवर कोणी उभे राहिले नव्हते. समेटानंतर मी दर वेळी उभा राहतो. ओरडत नाही, शिवी देत नाही. "आहे," म्हणतो. मेज झाकतात, लोक घरी जातात. आमचा बेकरीवाला म्हणाला, "मोटारवाल्यांनी देवाचाच फ्यूज काढला की!" मलाही हसू आले.

गेल्या रविवारी ड्रमवाल्याने आपल्या आईला चाकाच्या खुर्चीतून आणले. त्यांना मी मावशी म्हणतो. ताईची व त्यांची मैत्री होती. डॉक्टरांनी हात टेकल्याचे सर्वांना माहीत होते. शेवटचे प्रभुभोजन मंडळीत घ्यावे, ही त्यांची इच्छा. पाळकांनी माझ्याकडे बघत प्रश्न विचारला. मी उभा राहिलो.

ड्रमवाला म्हणाला, "मामा, आजच्या दिवस तरी. पाया पडतो."

मी म्हणालो, "मोटार गेली होती का रे?"

मावशींनी विचारले, "काय विचारतोय तो? सांग ना." तो तरीही बोलेना. मावशी म्हणाल्या, "मग मलाही नको." तेव्हा त्याने मेजावरची पितळी थाळी उचलून मला मारली. भुवईवर टाके पडले. पाळकांनी ठाण्यात फोन केला.

मला बाहेर नेताना मावशींनी हात धरला. म्हणाल्या, "झालं का रे समाधान?" मी भुवईवर रुमाल धरला. रक्त डोळ्यात जात होते.

फिर्याद द्यायची काय, असे विचारले असता सांगतो की, द्यायची नाही. इथे दिली तर इथे मिटेल. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे चर्चमध्ये जाणार आहे. मावशी कालपासून दवाखान्यात आहेत. पाळक तिथे भाकर घेऊन गेले असता, "मोटारवाला बसला का खाली?" असे विचारून मावशींनी तोंड फिरवल्याचे समजले.

हा मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नाक ओढल्याचे वाक्य काढा, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "ऐकलंत ना? मग राहू द्या." ऐकले होते. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.