सभासदांना सप्रेम भेट

...न्हाई, पण फाटायला काय हरकत हाय? तुमीच सांगा. जगात समदं फाटतंय, चप्पल फाटती, धोतर फाटतंय, नवं घेतलेलं छत्रीचं कापड बी पाऊस न बघता फाटतंय, आन् ही ब्याग काय फाटंना!

आता तुमाला सांगतो, ही बघा. ताडपत्रीवानी कापड, दुहेरी शिलाई, पितळंची चेन, खाली रबराचे पाय. आरं, ब्यागीला पाय कावून? तर म्हणं चिखलात ठिवली तर भिजू न्हाई. चिखल! आमच्या वडवणीकडं तीन साल पाऊस न्हाई, चिखल कसा असतो ते पोरं पुस्तकात बघतेत. आन् वरून ही लाल अक्षरं... 'ऊस उत्पादक सभासदांना सप्रेम भेट'. खाली फोटूत चेअरमन आप्पाराव, हात जोडून.

आमच्या कारखान्याच्या वार्षिक सभेत मिळाली. मी सभासद हाय ना... व्हतो ना. चार एकर ऊस, भरलेली इहीर, मंडपात पुढची खुर्ची. त्या दिवशी आमच्या गावचा रामकिसन उभा राह्यला, बिचारा, म्हणला, "साहेब, नदीवरच्या बंधाऱ्याला भेग पडलीया, पाणी थांबंना, त्याचं काय करायचं?" आप्पाराव गालात हासले. "बघू की रामकिसन, बंधारा कुठं पळून चाललाय? आधी ही ब्याग बघा. या रे दोघं, ओढा!" दोन गडी दोन्हीकडून बंद ओढायलेत, ओढायलेत, गड्यांचे डोळे बाहेर आले पण बंद तुटंना. मग तिच्यात दगड भरले, स्टेजवरून खाली टाकली. काय झालं न्हाई. आमी टाळ्या वाजवल्या. रामकिसननं बी वाजवल्या, एका हातात ब्याग धरून, कशा वाजवल्या त्यालाच ठावं.

पुढं बंधारा गेला. इहीर आटली. उसाचं पाचट झालं. ऊसच न्हाई तर कारखाना काय गाळणार, दगड? दाराला कुलूप लागलं, कुलपाला गंज चढला, गंजलेलं कुलूप बी कुणीतरी नेलं. ब्याग मातर तशीच.

मग काय, कोयता. आमची मंडळी, छबुबाई, निघायच्या आठ दिवस आधीच हिच्यात संसार भरायचं म्हणायली. मी म्हणलं, "आगं, ही नको, पोत्यात भर." "कावून? पोतं उसवतंय. तुमच्या कारखान्यानं दिलेलं येवढंच तर धड निघालं."

आता हिला कसं सांगू? ऊस तोडायची लाज न्हाई हो, हातपाय हायेत, कष्टाला कसली लाज. पण टोळीतली निम्मी माणसं माझ्याच रानात ऊस तोडून गेलेली! मी बांधावर उभं राहून त्यांना म्हणायचो, बुडख्यातून तोडा बे, बुडख्यातून. आन् आता त्यांच्याच ट्रकात 'ऊस उत्पादक' खांद्याला अडकवून चढायचं? त्यांनी मला मालक म्हणू न्हाई, येवढीच माझी इच्छा. दुसरं काय मागितलं मी?

म्हणून रॉकेलनं अक्षरं घासली. उजळली! ईट घेऊन घासली, ईट झिजली. उलटी केली, तर आतून बी आप्पाराव, हात जोडून! शेवटी बीडला गेलतो तवा मुद्दाम स्टँडवर बाकड्याखाली ठिवून आलो. चोरांचा स्टँड म्हणतेत ना त्याला? दिवस मावळायच्या आत शेजारच्या गावचा एकजण घरी हजर. "आसारामभाऊ, तुमची ब्याग राह्यली की! चिठ्ठीवर नाव व्हतं म्हणून बरं." आप्पारावांनी नावाच्या चिठ्ठीला बी खिसा शिवलाय. बंधाऱ्याला येवढं डोकं लावलं असतं तर...

गेलो शेवटी. ट्रकात पाय ठिवला आन् आमचा मुकादम त्रिंबक वरडला, "सरका रे, उत्पादक आले!" समदे हासले. मी बी हासलो, काय करता? एक भिवराबाई मातर हासली न्हाई. म्हातारीनं माझ्या फडात किती साल मोळ्या बांधल्या. ती खरंच अंग चोरून सरकली, हातानं जागा झाडली, म्हणली, "बसा मालक." हासणं परवडलं हो. ते 'बसा' लई लागलं. सारा रस्ता मी ब्याग मांडीवर घेऊन आप्पारावांच्या तोंडावर हात ठिवून बसलो.

खाली कोल्हापूरच्या अंगाला पोचलो, तर तिथल्या कारखान्यात मोळीपूजन. हंगाम सुरू व्हायचा, मंडप, पताका, पेढे. नवी जागा म्हणून ब्याग खांद्यालाच. वॉचमननं लांबून 'सभासद' येवढंच वाचलं. "सभासद का? मग मागं का उभं? चला पुढं!" न्हाई म्हणायच्या आत मी खुर्चीवर, हातात पेढा. खुर्ची लई दिवसांनी भेटली, खोटं कशाला बोलू, उठवंना.

तेवढ्यात तिथले चेअरमन उभे राह्यले. म्हणले, "यंदा सभासदांसाठी खास भेट." आन् वर काय उचललं? ब्याग. काळी, पितळंची चेन, खाली रबराचे पाय. "या रे दोघं, ओढा!"

माझ्या हातातला पेढा तसाच राह्यला. गडी ओढायलेत, माणसं टाळ्या वाजवायलेत. शेजारी एक पांढरी टोपी, चांगला बागायतदार माणूस, माझ्याकडं वळून म्हणला, "पाव्हणं, तुमच्याकडं अशीच दिसतीया. मजबूत हाय, पण बारीक वाटती. हिच्यात मावतंय का काही?"

त्याला म्हणलं, "मावतं की. दोन कोयते, तवा, परात, नवरा-बायकोचे कपडे, सहा महिन्यांचा संसार आरामात बसतो. तुमी काळजी करू नका."