नाकाचं नाव काढू नको

निजाम सरकारच्या दवाखान्यात रांगेला बसलेल्या चतुराबाईच्या पुढं एक म्हातारा अन् त्याची धापा टाकणारी लेक नंबर धरून बसले होते. लेकीचा सासरा बैलांना पाणी दाखवायला गेला, तसा बाप तिच्या कानाशी लागला.

"गया, डाक्टरपुढं नाकाचं नाव काढू नको."

"काहून, बाबा?"

"दमेकरी पोरगी गळ्यात मारली, म्हणून सासरा आधीच बोंबलून राहिला. सोयरीक करताना तुझं वाहतं नाक लपवलं, हे कळलं तर आजच माघारी धाडल."

"पण दर साली आधी नाक चोंदतं, मंगच दम लागतो."

"सरकी काढायच्या जिनात कापसाचं काम केल्यानं लागला, म्हन."

"अन् दवा लागू न्हाई पडली तर?"

"तू माघारी आलीस, तर तुझ्या दोघी बहिणींना कोण पदरात घेईल?"

गयानं पदरानं नाक पुसलं. सासरा आला, तसे तिघं आत गेले. दार उघडंच होतं; चतुराबाईला बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"बेटी, नाक की पुरानी तकलीफ है? हो तो बोलो. पहले उस का इलाज करना पडेगा, नहीं तो दमा नहीं जाएगा," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई जी," गया तोंडानं श्वास ओढत म्हणाली. "नाक साफ हाय."

"अगदी लहानपणापासून," बाप म्हणाला.