पाच रुपये आणि झेंडूचा हार

मंडळी, एक सांगा. देवाला फसवता येतं का? नाही! वा, सगळ्यांच्या माना हलल्या. बरं, मग गावाला? — आता का गप्प? ऐका तर!

एका गावच्या कासारपेठेत मुकुंदशेठ तांबटांचं भांड्यांचं दुकान. माणूस भला, पण नगरपालिकेचं नाव काढलं की तोंड कडू! त्यात पालिकेनं पेठेत आणि एसटी स्टँडवर कॅमेरे बसवले. गाडी लावली की कॅमेरा नंबर वाचतो आणि मोबाईलवर मेसेज — पाच रुपये भरा. शेठ भडकले, "दारातला रस्ता आमचा, आणि भाडं यांना? एक दमडी देणार नाही!"

आता दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो ना? शेठ आपल्या स्कूटरला रोज घालू लागले! एक पुढे, एक मागे — नेमका नंबर झाकेल असा. लोक म्हणाले, "काय ही भक्ती!" आणि दोन हारांचे किती? तीस रुपये! — मृदंगवाले, हसताय काय? पाच वाचवायला तीस! शेठ खूश, फूलवाली त्याहून खूश!

तीन महिने चाललं. एके दुपारी शेठ जेवायला निघाले, तर स्कूटर गायब! लेकीनं पहिल्या पगारातून घेऊन दिलेली हो! घामाघूम होऊन शेठ पालिकेत धावले. कॅमेऱ्यांचं काम बघणाऱ्या रजनीताईंना म्हणाले, "ताई, बघा ना, कुणी नेली!"

ताईंनी नंबर टाकला. "शेठ, ही गाडी तीन महिन्यांत पेठेत आलीच नाही."

"अहो, रोज येते!"

"मग पाच रुपये कसे नाही आले?"

बोला आता! चोराची चोरी सांगायची, तर आधी स्वतःची सांगावी लागते! शेठनी कान धरले. "हार मीच घालत होतो, ताई. आता पोरीला काय तोंड दाखवू?" डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. 'आपली गाडी एसटी स्टँडच्या पार्किंगमध्ये आहे. पाच रुपये भरा.'

झालं होतं काय? चोर गाडी लावून चहाला गेला. तिकडून आली शेळी, तिला दिसला झेंडू — हार फस्त, नंबर उघडा! शेठनी त्या मेसेजला हात जोडले. स्कूटर मिळाली. मागचे सगळे पैसेही त्यांनी त्याच दिवशी भरले.

मंडळी, शेठला शेळी भेटली. तुमचं काय? गटार तुंबलं की पालिका आपली, पैसे द्यायचे तर परकी! अहो, अडचणीत गावानं ओळखावं असं वाटतं ना? मग रोज त्याला तोंड दाखवा! चला, दोन्ही हात वर करून नाम घ्या — आणि ज्यांची घरपट्टी थकलीय, त्यांनी जरा मोठ्यानं!