ओदीलबाईंनी काढलेली ओळ

सभेचे अध्यक्ष माननीय हेमचंद्र दामले, नोव्हेनाच्या रुग्णालयातली ड्यूटी बदलून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर सविताताई, आजची सत्कारमूर्ती कस्तुरी, परदेशातल्या आपल्या या मराठी मंडळाचे कार्यकर्ते आणि शनिवारची दुपार आम्हाला देऊन बसलेले रसिकहो,

सूत्रसंचालिका अनुयाताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्या घड्याळ दाखवतील तेव्हा मी दुसरीकडे पाहणार आहे. गुरुवारी कस्तुरीला फ्रान्सहून एक पत्र आलं. ते ऐकवल्याशिवाय मी खाली बसणार नाही. दोन दिवस मला धड जेवण गेलेलं नाही, इतका आनंद झाला आहे.

कस्तुरी आपल्याला माहीत आहे ती इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राचं संशोधन करणारी. चार वर्षांचा करार संपला, सोमवारी ती पुण्याला निघते. पण तिचं दुसरं काम किती जणांना माहीत आहे? पीएचडीच्या काळात ती फ्रान्समध्ये, ब्रिटनीतल्या एका बंदराच्या गावात राहत होती. तिथे ओदील केर्व्हारेक नावाच्या कवयित्री तिच्या शेजारी होत्या. गेली सहा वर्षं ती त्यांच्या कविता मराठीत आणते आहे.

कोण या ओदीलबाई? आज त्या एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. आई मासळी डब्यात भरण्याच्या कारखान्यात होती, वडील गोदीत. मुलगी शाळामास्तरीण झाली. अल्जीरियाचं युद्ध चालू होतं. लढायला नकार देणाऱ्या तरुणांच्या बाजूने एक पत्रक निघालं, बाईंनी त्यावर सही केली आणि नोकरी गेली. मग त्या आईच्याच कारखान्यात कामाला लागल्या. संपाच्या काळात गोदीच्या दारात त्यांच्या कविता कर्ण्यातून वाचल्या जात. पुढे सरकारने पुरस्कार देऊ केला. त्याच सरकारने गोदी बंद केली होती. बाईंनी कळवलं, गोदी उघडा, मी येते.

पण मला वेड लावलं ते त्यांच्या कामाच्या पद्धतीने. बाई स्वतःची कविता स्वतः वाचत नाहीत. ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांच्यापैकी कोणीतरी वाचतं. वाचून झालं की बाई एकच प्रश्न विचारतात, 'यातली कुठली ओळ कामाची नाही?' लोक सांगतात, बाई वाद घालतात, आणि पटलं तर ओळ काढून टाकतात. दर आवृत्तीत त्यांचं पुस्तक बारीक होत गेलं आहे. मी मराठीचा एम.ए., पण तुआसमध्ये, म्हणजे इथल्या जहाजबांधणीच्या भागात, शिपयार्डसाठी मॅन्युअल लिहितो. छाटणी हा माझा धंदा. ही बाई आपली, असं मला वाटलं.

आता अवघड भाग. यंदा मंडळाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून पुस्तिका काढली. संपादक मी. कस्तुरीने एक कविता दिली. जहाजाचं जलावतरण, म्हणजे नवं जहाज पहिल्यांदा पाण्यात उतरतं तो दिवस. ते बांधताना तीन कामगार मेले आहेत. कवितेच्या शेवटाकडे या ओळी होत्या:

बँड वाजला. बाटली फुटली.
जहाजाला नाव मिळालं.
तिघांना नाही.

'तिघांना नाही' ही ओळ मी काढली. का? आपलं मंडळ सांस्कृतिक, राजकारण नको, हे आपण एकमेकांना इतक्यांदा सांगितलं आहे की आता सांगावंही लागत नाही. शिवाय प्रकाशनाला अध्यक्ष होते दामलेसाहेब, तीस वर्षं जहाजाच्या धंद्यात. त्यांना काय वाटेल? हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. कस्तुरीलाही विचारलं नाही. चोआ चू कांगच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून, चहा पिता पिता, एक रेघ मारली. कवितेखाली टीप मात्र लिहिली. तिच्यानंतरच्या, शेवटच्या 'समुद्राला सगळं आठवतं' या ओळीचं सौंदर्य त्यात उलगडून दाखवलं.

कस्तुरीने छापलेली पुस्तिका पाहिली. ती माझ्याशी भांडली नाही. तिने ओदीलबाईंना खरं काय ते लिहून कळवलं. बाईंचं उत्तर आलं तीन वाक्यांचं. 'ही कविता कोणी ऐकली? ती ओळ कामाची नाही, असं कोण म्हणालं? हे कळेपर्यंत माझं पुस्तक मराठीत छापू नका.'

सहा वर्षांचं काम. पुण्याचे प्रकाशक तयार, मुखपृष्ठ तयार, आणि माझ्या एका रेघेपायी परवानगी गेली.

मी कस्तुरीला फोन केला. म्हटलं, मी बाईंना माफीचं पत्र लिहितो. ती म्हणाली, "माफीचं त्या काय करतील, उन्मेषदादा? त्यांनी विचारलंय कोणी ऐकली. ऐकवा ना."

मग पुढच्या रविवारी माझ्या घरी अकरा जण जमले. तुआसच्या शिपयार्डातले सात. बाकी घरचे, आणि दामलेसाहेब. त्यांना मी पुस्तिका दाखवून सगळं सांगितलं होतं. ते चिडले. ओळीवर नाही, माझ्यावर. म्हणाले, "माझ्या वतीने घाबरायला तुम्हाला कोणी सांगितलं?" सोबत त्यांची नात मैत्रेयी होती. कविता वाचली दिलीप शेलार यांनी. दिलीपराव अठरा वर्षं तुआसमध्ये वेल्डिंग इन्स्पेक्टर आहेत आणि शाळेनंतर त्यांनी कविता वाचलेली नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. सातबारा वाचावा तशी त्यांनी वाचली. ते फार बरं झालं.

मी बाईंचा प्रश्न विचारला. कुठली ओळ कामाची नाही? मीच भीत भीत म्हटलं, 'तिघांना नाही' बद्दल काय वाटतं?

इथेच वाढलेली मैत्रेयी इथल्या इंग्रजीत म्हणाली, "दॅट वन कॅनॉट कट, ला. मग पोएममध्ये राहिलं काय?"

दामलेसाहेब म्हणाले, "मी अशा समारंभात हार धरून उभा राहिलो आहे. नावं मलाही माहीत नव्हती. राहू द्या ती ओळ."

आणि दिलीपराव कागदावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, काढायची तर ही काढा. शेवटची."

मी दचकलो. 'समुद्राला सगळं आठवतं' ही ओळ? माझी टीप तिच्यावर होती. मी दहा मिनिटं तिची बाजू मांडली. प्रतिमा सांगितली, लय सांगितली.

दिलीपरावांनी सगळं ऐकून घेतलं. "समुद्राला काय आठवणार, साहेब? पाणी ते. आठवायचं तर आपण. ही ओळ वाचली की माणूस म्हणतो, चला, समुद्राला आठवतंय ना, मग आपण जेवायला बसू."

कस्तुरीने ते शब्द फ्रेंचमध्ये जसेच्या तसे उतरवले आणि पाठवले. पाच आठवडे काही नाही. पुण्याहून प्रकाशकांचे फोन. कस्तुरीने सामान बांधायला घेतलं, पुस्तकाचं नाव काढणं सोडलं. आणि गुरुवारी हे पत्र आलं. बाईंना आता दिसत नाही, त्यांनी भाचीला सांगून लिहवून घेतलं आहे. कस्तुरीचंच भाषांतर वाचतो.

'प्रिय कस्तुरी, साठ वर्षं मला त्या शेवटच्या ओळीचा संशय होता. मी दर वेळी विचारलं आणि आमच्या गोदीतल्या लोकांनी दर वेळी ती राहू दिली. मला वाटतं, माझ्यावरच्या मायेपोटी. तुमच्या वेल्डिंग इन्स्पेक्टरांना माझ्यावर माया करण्याचं कारण नव्हतं. त्यांचं बरोबर आहे. पुढच्या फ्रेंच आवृत्तीतून ती ओळ गेली. मराठीतूनही काढा. पुस्तक छापा. आणि ज्यांनी दुसरी ओळ काढली त्या गृहस्थांना सांगा, त्या पत्रकावर सही करायला मला अकरा दिवस लागले होते.'

रसिकहो, एका फ्रेंच कवितेतली साठ वर्षांची ओळ चोआ चू कांगच्या आठव्या मजल्यावर गळाली. मी हे सांगताना शांत कसा राहू?

पुस्तक तीन महिन्यांत पुण्यात निघेल. कस्तुरी पहिली प्रत घेऊन ब्रिटनीला जाईल आणि बाईंना वाचून दाखवेल.

अनुयाताई उभ्या राहिल्या आहेत, म्हणजे मला आवरलं पाहिजे. अध्यक्षांचे आभार, ते माझ्यावर चिडले म्हणून. पाहुण्यांचे आभार, आणि ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्यांचे. माझ्या बोलण्यात काही राहिलं असेल, काही जास्त झालं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने घ्यावं. कस्तुरी, तुझ्यासाठी मात्र हे समारोपाचं वाक्य नाही. ती रेघ मी मारली, तुला न विचारता, भीतीपोटी. मला क्षमा कर.

आता दिलीपराव वर येतील आणि ती कविता वाचतील. 'तिघांना नाही' इथे ती संपते.