पाठकोरा कागद

समान हक्कांच्या चळवळीत जन्म घालवलेल्या एका पुढाऱ्याचे कागद त्या दिवशी इंटरनेटवर खुले झाले होते. त्यानिमित्त झालेला कार्यक्रम आटोपून निघालेल्या त्याच्या दोन मुली बसच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या होत्या.

"पाय भरून आले बाई. पण बाबा आता कुणालाही घरबसल्या दिसतील, ताई."

"दिसू देत. आपल्याला मात्र ते तुरुंगातून सुटायची वाट बघावी लागायची."

"मोर्चाच्या भाषणाच्या कागदामागे मिशीवाल्या माणसाचं चित्र आहे, ते तूच काढलेलं ना? खाली लिहिलंय, 'अज्ञात मुलाच्या रेघोट्या'."

"भाषणामागे चित्र नाही गं, चित्रामागे भाषण. ते सुटून आले तेव्हा मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांना पाठकोरा कागद दिसला, लगेच लिहायला बसले."

"मग सांगून टाक ना. तुझं नाव घालतील."

"मग तो माणूस कोण, तेही विचारतील."

"कोण आहे?"

"बाबाच. आठवले तसे काढले होते."

"पण बाबांना मिशी कधी होती, ताई?"

"म्हणून म्हणते, राहू दे. चल, बस आली."