दाबा, धरा, सोडा

(नारायणगावातलं जलालचं गॅरेज. दुपार. सयाजी स्वतःच्याच गाडीत स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर; जलाल मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा, ब्रेकच्या ऑइलात शिरलेली हवा नळीनं काढतोय.)

जलाल : दाबा.

सयाजी : दाबला.

जलाल : धरा. मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाय. ...सोडा. परत दाबा.

सयाजी : हुकूम कुणाला सोडतोस रे? तुझ्याकडं कामाला न्हाई मी.

जलाल : धरा! आत्ता उचलला असता तर हवा परत आत. मग पहिल्यापासून.

सयाजी : म्हाईत ए मला. समदं दाखवत्यात व्हिडिओत.

जलाल : ट्रॅक्टरचं ऑइल ब्रेकच्या डबीत ओतायचं, हे कोणत्या व्हिडिओत दाखवलं? सोडा.

सयाजी : ट्रॅक्टरचा ब्रेक त्याच ऑइलात बुडालेला असतो. पंधरा वर्सं मीच भरतोय. एकदा तरी फेल गेला?

जलाल : तिथं ब्रेक लोखंडी दांडा ओढतो, सयाजीभाऊ. हिच्यात ऑइलच ढकलतं, आन ऑइलाला अडवतं ते रबर. तुमचं ऑइल रबर खातं. त्या पत्र्याच्या डब्यात बघा, तुमच्याच गाडीतले रबरी वायसर काढलेत. भज्यासारखे फुगलेत.

सयाजी : बघितले.

जलाल : नीट बघा. दाबा.

सयाजी : दाबला. आन ऐक, मी हे का शिकलो ते विचार.

जलाल : नाय विचारत. धरा.

सयाजी : तुझ्यामुळं शिकलो. नवा डायनामो म्हणून माझाच जुना पुसून बसवलास. मी खालून खिळ्यानं खूण केली व्हती, तुला न्हाई सांगितलं. घरी जाऊन बघतो तर खूण तिथंच.

जलाल : सोडा.

सयाजी : बोल की!

जलाल : बसवला. काय बोलू? बसवला म्हणून तर दोन वर्षं तुमच्याकडं मान वर करून बघितलं नाय. दाबा.

सयाजी : त्याच दिवशी ठरवलं, गाडीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा न्हाई. पान्यांचा सेट मागवला. ऑइल मी बदललं, पट्टा मी बदलला, प्लग मी—

जलाल : पाय उचलला तुमी.

सयाजी : न्हाई.

जलाल : उचलला. नळीत फेस आला बघा इथं. बोलायचं तर पाय ठेवून बोला. दाबा, परत.

सयाजी : ...दाबला.

जलाल : पट्टा बदला, प्लग बदला, हॉर्न बदला. कोण नाय म्हणतंय? गाडी चालली नाय तर उभी राहती. ब्रेक लागला नाय तर उभी नाय राहत, एवढं तरी कळाया पायजे राव. गावात अजून कुणाच्या गाडीत ओतलं?

सयाजी : कुणाच्या न्हाई. माझ्याच.

जलाल : तुमच्याच. आन चालवत कोण व्हतं? पोरगी. रोज अवसरीला कॉलेजात. आज सकाळी कळंबच्या उतारावर पायडल पार खाली. पुढं कांद्याचा ट्रक, आत अजून दोन पोरी. गिअर पाडत आणली तिनं, हँडब्रेक ओढला, मक्यात घातली आन मला फोन केला.

सयाजी : ठाऊक ए.

जलाल : मी कळवलं म्हणून. नायतर तुमाला संध्याकाळी ठाऊक झालं असतं. सोडा. झालं हे चाक.

सयाजी : तेच म्हणतो मी! बाप जिता हाय ना तिचा? मग फोन तुला का केला?

जलाल : मला काय विचारता. मागचं उजवं घेतो. दाबा.

सयाजी : काय म्हणाली फोनवर?

जलाल : धरा.

सयाजी : जलाल, काय म्हणाली?

जलाल : सोडा. दाबा.

सयाजी : दाबणार न्हाई. आधी सांग.

जलाल : नका दाबू. मग ऱ्हाऊ द्या गाडी इथंच, पोरगी यष्टीनं जाईल. तसंबी म्हणालीच ती, आता त्या गाडीत बसणार नाय.

सयाजी : अजून काय म्हणाली?

जलाल : म्हणाली, चाचा, पप्पांना सांगू नका. ते इथंच पाना घेऊन येतील.

सयाजी : ...दाबला.

जलाल : धरलाय का?

सयाजी : धरलाय.

जलाल : सोडा.

सयाजी : सोडला.

जलाल : दाबा. ...धरा. ...सोडा. झालं. आता पुढचं डावं.

सयाजी : हां.

जलाल : दाबा. धरा. सोडा. ...झालं. एकच राहिलं, तुमच्या बाजूचं.

सयाजी : उतरतो मी. तू बस वर.

जलाल : कशाला?

सयाजी : हे मी करणार.

जलाल : हात लावायचा नाय!

सयाजी : परत तुझ्या दारात यायचं न्हाई मला. एकदा नीट कळू दे. बस वर.

जलाल : ...हवेचा स्क्रू पाव आटाच सैल करा, जास्त नाय. नळी बाटलीत बुडलीय का?

सयाजी : बुडलीय. दाब.

जलाल : दाबलं. बुडबुडे?

सयाजी : येत्यात. लई येत्यात.

जलाल : आधी आवळा, मगच मी उचलणार. आवळलं?

सयाजी : आवळलं. सोड. ...दाब. ...आता दोनच आलं.

जलाल : आवळा.

सयाजी : आवळलं. सोड. दाब. ...साफ.

जलाल : नक्की?

सयाजी : साफ ए म्हणतो ना.

जलाल : आवळा. उचलू?

सयाजी : थांब. ...उचल.

जलाल : पाना द्या इकडं. सरका. ...हं.

सयाजी : काय हं?

जलाल : बरोबर ए. हात पुसा, ती बघा, तुमची प्राची आली.

प्राची : चाचा, माझी बॅग तेवढी काढून द्या. पिंपळवंडीला घरी जायला पावणेपाचची एसटी आहे.

सयाजी : यष्टी कशाला? झाली गाडी. जलालनं चक्कर मारली की निघू.

प्राची : कुणी केली?

सयाजी : यानं.

प्राची : मग तुमचे हात का असे?

सयाजी : पाना धरायला दिला व्हता.

प्राची : चारही चाकं चाचांनीच केली?

सयाजी : चारही. मी नुसतं पायडल दाबत व्हतो.

प्राची : चाचा?

जलाल : चारही बघितलीत मी. चक्कर मारताना तू बस माझ्या शेजारी. पप्पा मागं बसतील.