तळ्याच्या गोष्टीची दोन पुस्तकं

दर्शना : ठेवा ते खाली, बाबा. दुसरं बघू.

दत्ताराम : कित्याक? चांगला तर आसा. आमच्या गावच्या तळ्याचीच गोष्ट ही. माझ्या आवशीन माका सांगलली. माझ्या नातीक वाढदिवसाक आजोबाकडून दुसरा काय देवचा?

दर्शना : गोष्टीला नाही म्हणत नाहीये मी. तीच गोष्ट या पुस्तकात पण आहे. हे घेऊ.

दत्ताराम : ह्या? ह्येचे रंग बघ, चिखलासारखे. आणि ह्या माझ्या हातातला बघ. सुनेक कसा नटवल्यानी आसा. हिरवो चुडो, नाकात नथ. तळ्याक पाणी लागणा नाय म्हणान पाटलाची थोरली सून हसत हसत आत उतरता, पायरी पायरीन पाणी वर येता, आणि शेवटच्या पानार सगळो गाव पाणी पिता.

रश्मी : काका, ते मस्त जातं हं. आज प्रदर्शनात सगळ्यात जास्त तेच खपलं. दुसरं… खरं सांगू? पालक चाळतात आणि ठेवून देतात.

दर्शना : का ठेवून देतात?

रश्मी : शेवटचं चित्र जरा हेवी आहे ना, मॅडम. नाहीतर पलीकडे पऱ्यांच्या गोष्टी आहेत, एकदम क्यूट. बघा तुम्ही आरामात, मी त्या ताईंचं बिल करून आले.

दर्शना : बाबा, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. शेवटचं पान उघडा.

दत्ताराम : बघितलंय मी. गाव पाणी पिता. दोन्हीकडे ताच.

दर्शना : नीट बघा. या दुसऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात.

दत्ताराम : बायका उभ्या आसत.

दर्शना : कुठे उभ्या आहेत?

दत्ताराम : लांब. मडकी घेवन.

दर्शना : कशासाठी?

दत्ताराम : माका कित्याक इचारतंस? तुका म्हायत आसा.

दर्शना : हो, मला माहीत आहे. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून उभ्या आहेत. माझ्या पप्पांची आई अशीच उभी राहायची, जालन्याकडे, आमच्या गावच्या विहिरीवर. तुमच्या पुस्तकात त्या बायका नाहीतच. सून बुडाली, पाणी आलं, सगळा गाव प्याला. सगळा कसा?

दत्ताराम : दुसरीतला चेडू ता! तेका वाढदिवसाक ह्या दाखवचा? हसांदे, खेळांदे.

दर्शना : सून बुडते ते चालतं?

दत्ताराम : ती देवी होता मगे.

दर्शना : आणि कोपऱ्यातल्या बायका? त्या काय होतात?

दत्ताराम : आवाज खाली कर, दर्शना. लोका बघतत.

दर्शना : बघू देत.

दत्ताराम : अगो, ता सगळा गेला आता. मुंबयत कोण कोणाक इचारता? गिरणीत मी सगळ्यांच्या बाजूक बसान डबो खाल्लंय. माझ्या झिलान, देवेशान तुझ्याशी लगीन केल्यान, मी आडवो इलंय?

दर्शना : आडवे नाही आलात. लग्नालाही नाही आलात.

दत्ताराम : तेव्हा कंबर धरलली माझी.

दर्शना : बरं. कंबर. सासूबाई वारल्यावर तुम्ही आमच्याकडे मुलुंडला राहायला आलात. मी कधी तोंड वाकडं केलं?

दत्ताराम : नाय. खोटा कित्याक बोलू? पोटची पोरगी करूची नाय तितक्या केलंस तू.

दर्शना : मग मला सांगा, तेव्हापासून माझी आई वर का येत नाही?

दत्ताराम : गुडघे दुखतत तिचे. तूच सांगलंस.

दर्शना : बिल्डिंगला लिफ्ट आहे, बाबा. तुम्ही आलात त्याच आठवड्यात ती तुम्हाला भेटायला आली होती. तिनं चहा केला. तुम्ही म्हणालात, आज उपास आहे. ती निघायच्या आतच तुम्ही माझ्याकडे पोहे मागितलेत. कांदेपोहे.

दत्ताराम : माझ्या ध्यानात नाय.

दर्शना : तिच्या आहे. तिनं तुमचा चहा सिंकमध्ये ओतला, कप धुऊन ठेवला, गेली. आता घाटकोपरहून येते आणि खाली गेटवर थांबून फोन करते, अपूर्वाला पाठव म्हणून. भर उन्हात, वॉचमनच्या खुर्चीशेजारी. परवा अपूर्वा विचारत होती, मम्मी, आज्जी वर का येत नाही, आपल्या घरात काय आहे?

दत्ताराम : तू काय सांगलंस तिका?

दर्शना : गुडघे. माझ्याच पोरीशी खोटं बोलले मी.

दत्ताराम : देवेशाक म्हायत आसा ह्या?

दर्शना : त्याला सगळं माहीत आहे. तो म्हणतो, बाबांचं वय झालं, सोड ना यार. आई पण म्हणते, सोड. सगळे मलाच सोड म्हणतात.

रश्मी : ठरलं का, मॅडम? वाढदिवसाचं असेल तर छान रॅप करून देते. कुठलं करू?

दर्शना : ते हसऱ्या सुनेचं करा. जाऊ दे. मला इथं तमाशा नाही करायचा.

दत्ताराम : थांब गो बाय. ता नको. ह्या दुसरा कर.

रश्मी : नक्की ना, काका? मग बदलून नाही मिळणार हं.

दत्ताराम : नक्की.

दर्शना : माझं मन राखायला म्हणून नको, बाबा. रोज संध्याकाळी तिला घेऊन वाचायला तुम्हीच बसता. ती त्या चित्रावर बोट ठेवणार, आजोबा, ह्या कोण, म्हणून विचारणार. काय सांगाल?

दत्ताराम : माका सांगाक जमाचा नाय. जीभ वळाची नाय माझी.

दर्शना : मग घेताय कशाला?

दत्ताराम : तुझ्या आवशीन सांगूक व्हया ता. तिच्या सासूची गोष्ट ती. वाढदिवसाक तिका वर बोलव.

दर्शना : मी किती वेळा बोलावलं! माझ्या बोलावण्यानं ती नाही यायची आता.

दत्ताराम : मगे लाव फोन.

दर्शना : आत्ता? इथं?

दत्ताराम : आत्ताच. घराक गेल्यार माझा धाडस होवचा नाय.

दर्शना : आणि ती नाही म्हणाली तर?

दत्ताराम : तर नाय म्हणात. तिचो हक्क तो. लाव तू.

(दर्शना नंबर लावते आणि फोन सासऱ्यांच्या हातात देते.)

दत्ताराम : हॅलो… शेवंतीबाई? मी दत्ताराम. अपूर्वाचो आजो… नाय, नाय, घाबरू नका. सगळी बरी आसत. कोणाक काय एक झाला नाय. मी… मी आपलो असोच फोन केलंय.